कासव घरात, विमा कोणाचा?

एका ताईंनी या पानाकडे प्रश्न पाठवला आहे: "मुलासाठी छोटे कासव घेतले आहे. मैत्रिणीच्या कुत्र्याचा विमा आहे. आमच्या कासवाचा निघेल का?"

उत्तर देण्याआधी घरात कोणते कासव आले आहे ते पाहू. माशांच्या दुकानात प्लास्टिकच्या डब्यात पोहणारी, हिरव्या पाठीची, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली पिल्ले म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. हे पाणकासव मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. काहीशे रुपयांत मिळते, भुंकत नाही, चावा घेतल्याची तक्रार क्वचितच येते. म्हणून रामनगर असो की गोकुळनगर पठार, मुलाने हट्ट धरला की ते बादलीतून घरी येते.

दुकानदार सहसा सांगत नाही ते हे, की हे पिल्लू वीस-तीस वर्षे जगते आणि वाढत राहते. मोठ्या मादीची पाठ पंचवीस-तीस सेंटीमीटर लांब, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी होते. तेव्हा तिला नीट पोहायला तीन-चारशे लिटर पाणी लागते. आपल्या दोनशे लिटरच्या पिंपात मोजले तर जवळजवळ दोन पिंपे. ते घाण होते म्हणून वारंवार बदलायचे. ज्या वस्तीत नळाच्या वेळेवर घर चालते, तिथे हा हिशेब कासव घेण्याआधीच करावा.

आता आरोग्याचा भाग, ज्यासाठी हा लेख या पानावर आहे. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचा जंतू राहू शकतो. तो विष्ठेतून पाण्यात उतरतो, पाठीवर आणि पायांवर बसतो. कासव मात्र ठणठणीत दिसते. मूल त्याला हाताळते, तेच बोट तोंडात घालते आणि जंतू पोटात जातो. अमेरिकेत लहान मुले अशी आजारी पडू लागली, तेव्हा १९७५ साली तिथल्या सरकारने चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री बंद केली. लहान कासवच का? कारण ते मुलाच्या मुठीत मावते, तोंडातही जाते. आपल्याकडे दुकानात नेमकी तीच लहान कासवे असतात.

बंगल्यात कासवाची पेटी धुवायला बाहेर बाग असते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत मोरी एकच. तिथेच भांडी, तिथेच तांदूळ धुणे, तिथेच बाळाची आंघोळ. कासवाचे पाणी त्या मोरीत ओतले, त्याचा टब भांड्यांच्या काथ्याने घासला, की जंतू थेट ताटात. कासवाला हातही न लावलेले तान्हे बाळ यातून आजारी पडू शकते.

म्हणून स्पष्टच सांगते. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर बाई, फार वयस्कर माणूस, किंवा कॅन्सर वा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले कोणी असेल, तर कासव आणूच नये.

आधीच आले असेल तर त्याची बादली आणि ब्रश वेगळे ठेवा आणि त्यांवर खूण करा. घाण पाणी मोरीत ओतू नका, संडासाच्या भांड्यात टाका. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा अंथरुणावर कासव सोडू नका. त्याची पापी घेणे, त्याच्यासोबत आंघोळ करणे नाही म्हणजे नाही. हाताळल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवा. मुलाचे हात मोठ्या माणसाने उभे राहून धुवून घ्यावेत. पाण्यात अँटिबायोटिकची गोळी टाकून जंतू जात नाही. उलट औषधाला न जुमानणारे जंतू घरात तयार होतात.

संसर्ग झाला तर काही तासांत किंवा पाच-सहा दिवसांत ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. बहुतेकांना आठवड्याभरात बरे वाटते. पण तान्ह्या बाळात हा जंतू रक्तात शिरू शकतो. ओआरएसची पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पिण्याच्या पाण्यात कालवा आणि घोट घोट पाजत राहा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा दवाखान्यात मागा. शौचातून रक्त, जोराचा ताप, डोळे खोल गेलेले, लघवी कमी, मूल मलूल, यातले एकही दिसले तर थांबू नका, महापालिकेचा दवाखाना गाठा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी "घरात कासव आहे" हे आपणहून सांगा. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून देऊ नका.

कासवाच्या प्रकृतीबद्दलही थोडे. ते दिवसभर पाण्यात ठेवायचे नसते. अंग कोरडे करून बसायला विट किंवा दगड हवा आणि काचेतून न आलेले कोवळे ऊन हवे. ऊन आणि कॅल्शियम कमी पडले की पाठ मऊ पडते, वाकडी होते. भात आणि चपाती हे त्याचे अन्न नाही. कासवाचे दाणे, पालेभाजी, कधी छोटा मासा चालतो. डोळे सुजून मिटले तर बहुधा अ जीवनसत्त्व कमी पडले आहे. पुण्याच्या डिसेंबरात ते खाणे सोडते, आणि एका बाजूला कलंडून पोहत असेल तर फुप्फुसाचा आजार असू शकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार पशुवैद्य थोडे आहेत. त्यांची एका भेटीची फी कासवाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकते.

इथे विम्याचा प्रश्न येतो. आपल्याकडे गाई-म्हशींचा विमा जुना आहे. कानात बिल्ला मारतात, जनावराची किंमत ठरते, मेले तर भरपाई मिळते. कुत्र्यांसाठीही पॉलिसी आहेत. येरवड्याला मुख्य कार्यालय असलेल्या बजाज आलियान्झने २०२० मध्ये अशी पॉलिसी आणली. ब्रिटनमध्ये कासवांच्या उपचारखर्चाचाही विमा मिळतो. आपल्या बाजारातल्या पाळीव प्राण्यांच्या पॉलिसी मात्र कुत्र्यांसाठी, काही मांजरांसाठी आहेत, कासवासाठी नाहीत. दुकानदार "गॅरंटी" म्हणाला तर तो विमा नव्हे. त्याच्याकडे पक्के बिल आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी मागा. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे ती त्याला लागते. कासवाच्या दवाखान्यासाठी दरमहा शंभर-दोनशे रुपये वेगळे टाकावेत, हाच त्याचा विमा.

आणि ताई, घरातल्या माणसांचा विमा आहे का? वीस रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षभर दोन लाखांचे अपघात संरक्षण देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. पण योजनेच्या यादीतले उपचार आणि यादीतलेच रुग्णालय, साधी ओपीडी त्यात येत नाही. महापालिकेची शहरी गरीब योजना उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना मदत करते, तिचे कार्ड दरवर्षी नव्याने काढावे लागते. कासवाच्या काचपेटीआधी आयुष्मान कार्डाचे केवायसी पूर्ण करा.

कायद्याची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. वर सांगितलेले लाल पट्ट्याचे कासव परदेशी. पण नदीकाठी सापडलेले मऊ पाठीचे किंवा पिवळ्या चांदण्यांच्या पाठीचे कासव देशी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणे, पाळणे, विकणे, विकत घेणे, सगळेच गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षे आणि दंड किमान पंचवीस हजार. मोठ्या सोसायटीतले कासव कोणाच्या नजरेस पडत नाही, वस्तीतले लगेच पडते, हेही लक्षात ठेवा. "वीस नखांचे कासव पैसा पाडते" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. देव्हारा काढलेल्या घरांतही कासव "पैसा आणते" म्हणून परत शिरते, याचे आश्चर्य वाटते.

कासव झेपेनासे झाले की काहीजण ते मुठेत सोडतात आणि जीवदान दिले असे समजतात. हे परदेशी कासव जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक जीवांच्या यादीत आहे. ते देशी कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते, आजारही पसरवते. गुवाहाटीतल्या मंदिराच्या तळ्यात आणि केरळातल्या त्रिशूरच्या कालव्यात ते सापडले आहे. वारज्याखालून वाहणाऱ्या मुठेत त्याची भर नको. दुकानदार परत घेतो का विचारा, जागा आणि ऊन असलेले दुसरे घर शोधा. देशी कासव सापडले असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बावधनला वन विभाग आणि रेस्क्यू ट्रस्टचे वन्यजीव उपचार केंद्र आहे, वारज्यापासून ते लांब नाही. माणूस येईपर्यंत कासव झाकण अर्धवट उघडे ठेवलेल्या टबात, मुलांपासून दूर ठेवा आणि हात धुवा.