फ्यूज का उडाला नाही?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गावाकडच्या जुन्या घराची डागडुजी काढली. माजघराच्या भिंतीवर वायरिंगची एक लाकडी पट्टी होती. ती वायरमनने उचकटली आणि तो थबकला. "सर, हे बघा," तो म्हणाला. पट्टीची आतली बाजू कोळशासारखी काळी पडली होती. तेथे दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या होत्या आणि त्यांवरची चिकटपट्टी जळून गेली होती. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात बसवलेल्या गीझरची वीज याच जोडातून जात होती. मी वर्गात विद्युत्प्रवाह शिकवतो, आणि त्याच गीझरच्या पाण्याने खुशाल अंघोळ करीत होतो!

मी धावत जाऊन फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. त्यातली तारही योग्य जाडीची, १५ अँपिअरची होती. मग फ्यूज उडाला का नाही?

उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. तारेतून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते. ती प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. हा नियम जेम्स जूल यांनी १८४१ साली मांडला. आता थोडे गणित करू. आपल्याकडे घरातील विद्युत्दाब २३० व्होल्ट असतो. ६० वॅटच्या दिव्यातून सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह वाहतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरला, तर त्या जोडात फक्त ०.०३ वॅट उष्णता निर्माण होते. हाताला कळणारही नाही इतकी ती थोडी!

आता त्याच जोडातून २००० वॅटच्या गीझरचा प्रवाह सोडा. तो ८.७ अँपिअर, म्हणजे ३३ पट झाला. उष्णता मात्र ३३ पट वाढत नाही. ती ३३ च्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारे ११०० पट वाढते. जोडात जवळजवळ ३८ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा ज्या सोल्डरिंग आयर्नने डाग देतो, तेही साधारण एवढ्याच वॅटचे असते. ते पेटते ठेवून वाळक्या लाकडावर टेकवले तर काय होईल, ते सांगायला नकोच.

एवढ्यावरच हे थांबत नाही. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, त्यामुळे रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र चालू राहते. आजोबांच्या काळात तीन-चार दिव्यांपुरता केलेला जोड वर्षानुवर्षे गप्प बसला होता, तो गीझर येताच असा पेटू लागला.

मग फ्यूज? बिचाऱ्याला फक्त प्रवाह कळतो. आणि सैल जोडामुळे मंडलाचा रोध वाढतो, म्हणजे प्रवाह किंचित कमीच होतो! फ्यूजच्या दृष्टीने सारे ठीकच होते. हल्लीच्या एमसीबीलाही असा जोड कळत नाही.

आम्ही ते सारे वायरिंग काढून टाकले. गीझरसाठी मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर छेदाची स्वतंत्र तांब्याची तार आणली. जोड फक्त पेटीत, स्क्रूने घट्ट आवळून केले. अर्थिंग नव्याने केले.

तुमचे घर जुने असेल, तर कशालाही हात न लावता एवढे पाहा. एखादे बटण किंवा सॉकेट पिवळट-तपकिरी पडले आहे का? गीझर किंवा इस्त्री लावताच दिवे मंद होतात का? बोर्डाजवळ जळका वास किंवा चरचर आवाज येतो का? यांपैकी काही आढळले, तर ते उपकरण वापरणे थांबवा, मोठ्यांना सांगा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. स्वतः बोर्ड उघडू नका.

आणि घरात नवे उपकरण येईल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : याचा प्रवाह कोणकोणत्या जोडांतून जाणार आहे? मी तो दोन वर्षे उशिरा विचारला.