गिटमधील सेटिंग्ज : सर्वांच्या आणि ज्याच्या त्याच्या

प्रश्न कोठे उद्भवतो

समजा, अकोल्याच्या जुन्या शहराविषयीचा मराठी मजकूर चौघे जण मिळून गिट या आवृत्त्या नोंदणाऱ्या प्रणालीत ठेवत आहेत. कोणी मोर्णाकाठी विंडोजवर, कोणी पुण्यात लिनक्सवर. तेथील ‘असदगड’ किल्ल्याच्या नावाची फाइल जोडताच गिट ते नाव \३४०\२४४\२०५\३४०\२४४\२७०… असे दाखवते. पाच अक्षरांचे पंधरा बाइट, प्रत्येक बाइट अष्टमान अंकांत. हा बिघाड नव्हे. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग मुळातच चालू असते; ती बंद केली की नाव देवनागरीत दिसते. पण एकाने बंद केली म्हणून उरलेल्या तिघांकडे ती बंद होत नाही.

सेटिंग्जचे तीन थर

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या गिटमध्ये सेटिंग्ज प्रामुख्याने तीन पातळ्यांवर राहतात : संपूर्ण संगणकासाठी, एका वापरकर्त्यासाठी आणि एका रिपॉझिटरीसाठी, म्हणजे एका प्रकल्पासाठी. मतभेद झाल्यास रिपॉझिटरीची सेटिंग वरचढ ठरते. ही तिसरी फाइल प्रकल्पाच्या फोल्डरातच, ‘डॉट-गिट’च्या आत असते, तरीही तिची आवृत्ती नोंदली जात नाही आणि क्लोन करताना, म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवून घेताना, ती सोबत येत नाही.

ती सोबत का येत नाही

हा निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला आहे. कोणता एडिटर उघडावा, फाइल कोणत्या गाळणीतून (फिल्टरमधून) जावी, एखादे टोपणनाव कोणती आज्ञा चालवेल, हे सारे या सेटिंग्जच्या फाइलीत, म्हणजे कॉन्फिगमध्येच लिहिलेले असते. ते क्लोनबरोबर आले असते, तर अनोळखी प्रकल्प उतरवून घेणे म्हणजे त्याच्या कर्त्याला आपल्या यंत्रावर आज्ञा चालवू देणे ठरले असते. २०२२ मध्ये गिटने याच कारणासाठी, दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत परवानगीशिवाय काम करणे थांबवले. गिटसारखीच दुसरी प्रणाली मर्क्युरिअलही आपली ‘एचजीआरसी’ ही सेटिंग्जची फाइल क्लोनबरोबर पाठवत नाही.

फाइलींबरोबर जाणारे नियम

जे नियम यंत्राविषयी नसून मजकुराविषयी आहेत, ते मात्र नेहमीच्या फाइलींसारखे कमिट करता, म्हणजे आवृत्तीत नोंदवता येतात. कोणत्या फाइली वगळायच्या हे ‘डॉट-गिटइग्नोर’ सांगते. ‘डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ ही फाइल अधिक मोलाची. विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट वेगवेगळ्या चिन्हांनी करतात. त्यामुळे एक शब्द सुधारला तरी पूर्ण फाइल बदललेली दिसू शकते. या फाइलीत ‘सर्व मजकूर, शेवट एलएफ’ (एलएफ म्हणजे लिनक्सचे चिन्ह) अशी एक ओळ लिहिली की ओळींचे शेवट बदलणारी वैयक्तिक ‘ऑटोसीआरएलएफ’ सेटिंग काहीही असो, चौघांकडे एकच नियम लागू होतो. येथेही तीच सीमारेषा पाळलेली आहे : कोणत्या फाइलीला कोणती गाळणी, हे नाव सामायिक असते, त्या नावामागची आज्ञा मात्र प्रत्येकाच्या कॉन्फिगमध्येच राहते.

सबव्हर्जन या आणखी एका प्रणालीने २०१३ च्या १.८ आवृत्तीत फाइलींचे गुणधर्म वरच्या फोल्डरावरून खाली उतरवण्याची सोय दिली. त्याआधी तेथेही प्रत्येकाला आपली कॉन्फिग फाइल हाताने भरावी लागे.

संमतीची एक आज्ञा

उरलेल्या सेटिंग्जसाठी मधला मार्ग आहे. ‘कोटपाथ’सारख्या सेटिंग्ज प्रकल्पाच्या मुळाशी एका साध्या फाइलीत लिहून कमिट करायच्या आणि प्रत्येक सहकाऱ्याने एकदाच आपल्या कॉन्फिगमधील ‘इन्क्लूड.पाथ’ तिच्याकडे वळवायचा. ही सोय २०१२ च्या १.७.१० आवृत्तीपासून आहे. २०१६ मध्ये, २.९ आवृत्तीत आलेल्या ‘कोअर.हुक्सपाथ’मुळे कमिटपूर्व तपासणीच्या हुक्सचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टचे, फोल्डरही असेच सामायिक करता येते.

मर्यादा

संमती एकदाच घेतली जाते, पण सामायिक फाइल पुढेही बदलत राहते. नवा बदल ओढून घेतला की त्यातील सेटिंग्ज विचारणा न करता लागू होतात. म्हणजे त्या फाइलीत कमिट करू शकणारा प्रत्येक जण इतरांच्या यंत्रावर आज्ञा चालवू शकतो. त्यामुळे या फाइलीत कोटपाथसारख्या निरुपद्रवी सेटिंग्जच ठेवाव्यात. शिवाय कमिटपूर्व हुक कोणालाही एका पर्यायाने टाळता येतो. जो नियम मोडून चालणारच नाही, त्याची तपासणी सर्व्हरवर करावी लागते.