आजोबांची बंदूक माळ्यावर सापडली तर...

पौड (ता. मुळशी) : जुन्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडली, तर ती दिवाणखान्यात टांगण्याचा मोह आवरावा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार केवळ जुनेपणामुळे परवान्यातून सूट मिळत नाही; दुरुस्तीनंतरही जी चालूच शकत नाही, अशाच कालबाह्य बंदुकीला ती आहे. गंजलेला चाप हा त्याचा पुरावा नव्हे! परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून वारसाने परवान्यासाठी अर्ज करावयाचा असतो. पौडकरांसाठी तो जिल्हाधिकारी कार्यालयात, तर २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील हिंजवडीकरांसाठी आयुक्तालयात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात. तिसरी ठेवता येत नाही, मग ती पणजोबांची का असेना.