जुन्या इंजिनाचे तेल आणि प्लग

वर्षानुवर्षे जिन्याखाली उभी असलेली बुलेट वा येझदी पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अनेकांना असते. गाडी हाती आली की रंग आणि क्रोमवर सढळ हाताने खर्च होतो. तेल आणि स्पार्क प्लग मात्र दुकानदार देईल तो, फार तर सर्वांत महाग असेल तो घातला जातो. ही बेफिकिरी महागात पडते. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये ते नाव बाजारात परतले. पण नव्या गाडीचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे, त्याचा पिस्टन जुन्या टू-स्ट्रोक येझदीच्या कामाचा नाही. चुकीच्या तेलाने इंजिन एकदा जाम झाले, की सुट्या भागांसाठी जुन्या बाजाराच्या वाऱ्या सुरू होतात.

लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेटमध्ये इंजिन, क्लचची पेटी आणि गिअरबॉक्स यांचे तेल वेगवेगळे असते. इंजिनाला २०डब्ल्यू-५० हे साधे खनिज तेल मानवते. हे इंजिन हवेवर थंड होते, त्यात भागांमधील मोकळीक अधिक असते. तेथे नव्या मोटारींचे पातळ सिंथेटिक तेल सांध्यांतून पाझरते आणि गरम इंजिनात त्याचा दाब टिकत नाही. पूर्वीच्या साध्या तेलात मळ धरून ठेवणारी रसायने नसत, त्यामुळे तो तळाशी साचे. अशा न उघडलेल्या इंजिनात आजचे तेल ओतले की तो मळ सुटतो आणि तेलाच्या बारीक वाटा तुंबू शकतात. आधी तळ साफ करावा. पहिले तेलही लवकर बदलावे. गाडी बराच काळ उभी असेल तर तेल टाकीतून झिरपून क्रँककेसमध्ये उतरलेले असते. अशा वेळी थंड गाडीची तेलपट्टी पाहून तेल वाढवू नये. काही मिनिटे इंजिन चालवून मगच पातळी पाहावी.

येझदीचे गणित निराळे. तिच्या इंजिनाला तेल मिळते ते पेट्रोलमधूनच. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज अर्धवट आहे. कार्ब्युरेटरच्या जेटमधून ठरावीक मिश्रणच जाते; त्यात तेल वाढले की पेट्रोल घटते, ज्वलन अधिक गरम होते आणि प्लगवर काजळी धरते ती वेगळीच. तेलाचे प्रमाण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच राखावे. क्लच आणि गिअरबॉक्स मात्र एकाच तेलात फिरतात. तेथे इंधनबचतीची जाहिरात करणारे मोटारीचे तेल घातल्यास क्लच घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी.

प्लगच्या बाबतीत खरा घोळ आकड्यांचा आहे. ‘हॉट’ प्लग उष्णता धरून ठेवतो, ‘कोल्ड’ प्लग ती लवकर हेडला देतो. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर काजळी जळून जाते. ८५० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागते आणि पिस्टनला भोक पडू शकते. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग कोल्ड होतो, बॉशचा वाढला की हॉट! त्यातही जुन्या मायको प्लगवरचा ‘१७५’ म्हणजे बॉशचा आजचा ‘७’, तर ‘२२५’ म्हणजे ‘५’. (मायको हे नाव २००८ मध्ये जाऊन कंपनी बॉश लिमिटेड झाली, काउंटरवर मात्र ते नाव अजून ऐकू येते.) त्यामुळे केवळ आकडा सांगून प्लग मागणे धोक्याचे, तुलनेचा तक्ता पाहूनच घ्यावा. आट्यांची लांबीही जुळली पाहिजे. लांब प्लग पिस्टनवर आदळू शकतो.

प्लग बसवल्यावर काही किलोमीटर वेगाने गाडी चालवून, क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग उघडून पाहावा. फिकट तपकिरी टोक ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरे फटक टोक म्हणजे कमी. येथे अनेकजण प्लगच बदलतात. दोष कार्ब्युरेटरचा असेल तर प्लग बदलून तो केवळ झाकला जातो. शेवटी प्लग थंड इंजिनात हाताने पूर्ण फिरवावा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की ते पुन्हा पाडून घेण्यासाठी लेथवाल्याचे दार गाठावे लागते.