सुट्टी एकट्याने घेता येत नाही

मंडळी, चौल-रेवदंड्याच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी मुंबई-पुण्याच्या ऑफिसात आहे. मांडव्याच्या लाँचने शनिवारी घरी येतात, जेवायला बसतात, आणि फोन वाजला की ताटावरून उठतात. आपण काय म्हणतो? "याला वेळेचं नियोजन जमत नाही." आज या वाक्याचाच विचार करू.

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचं निवेदन पुढे आणलं. त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. रविवारची सुट्टी मिळायला 1890 उजाडलं.

"तू जरा स्वतःला सांभाळ," असा उपदेश लोखंड्यांनी कामगाराला केला नाही. का? कारण एकट्याने रविवारी घरी राहायचं ठरवलं तर त्याची नोकरी जाते. सगळ्यांना मिळाली तरच ती सुट्टी टिकते.

पुढे 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. झालं! सूर्यास्ताची हद्द पुसली गेली, तास वाढले. शेवटी 1911 च्या कायद्याने पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. म्हणजे नवं साधन आलं की जुनी हद्द मोडते आणि नवी आखावी लागते.

आजचा विजेचा दिवा म्हणजे हातातला फोन. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. पण व्यवस्थापकीय पदांना तो लागू नाही. कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

ॲरिस्टॉटल म्हणतो, आपण काम करतो ते निवांतपणासाठी. निवांतपणा म्हणजे आळस नव्हे. ज्यात माणूस आपल्या माणसांचा आणि आपल्या विचारांचा असतो, तो वेळ. तोच गेला, तर मग काम कशासाठी?

म्हणून घरच्यांना विनंती: पोराला दोष देऊ नका. आणि नोकरी करणाऱ्यांनो, एकट्याने कुढू नका. रात्री आठनंतर कुठला फोन खरंच तातडीचा, हे टीममधल्या चौघांनी मिळून ठरवा आणि मग साहेबांकडे जा. साडेपाच हजार नसतील, चार सह्यांनी सुरुवात करा.