साप्ताहिक सभा आणि सेवानिधी

१९०५ साली शिकागोत सुरू झालेली आणि १९२९ मध्ये मुंबईत आलेली रोटरी चळवळ पुढे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतही रुजली. २०१६ पासून महिन्यातून दोनच सभा घेण्याची मुभा क्लबांना मिळाली असली, तरी दर आठवड्याला भेटण्याची मूळ प्रथाच अधिक मोलाची मानावी लागेल, कारण रक्तदान किंवा मोतीबिंदू शिबिराची कामे वाटून घ्यायला लागणारा परस्परविश्वास अशा नियमित सहवासातूनच वाढतो. अनेक क्लबांत ‘सार्जंट-ॲट-आर्म्स’, म्हणजे सभेची शिस्त सांभाळणारा पदाधिकारी, सभासदांच्या वाढदिवसानिमित्त किंवा आनंदाच्या बातमीनिमित्त छोटी देणगीही गोळा करतो.

मोठ्या निधीसाठी नाटकाचा प्रयोग ठरवून तिकिटे खपवणे, स्मरणिकेसाठी दुकानदारांकडून जाहिराती मिळवणे हे रुळलेले मार्ग आहेत. मात्र लोकांकडून आलेला हा पैसा, सभेचा चहा-जेवणाचा खर्च भागवणाऱ्या सभासद-वर्गणीपासून वेगळ्या खात्यात ठेवणे अत्यावश्यक असते.