शाळा खरंच लांब आहे का?

दुपारी साडेबाराला आमच्याकडची सकाळची शाळा सुटते. फाटकासमोरच्या गल्लीत तेव्हा स्कूटरींच्या तीन रांगा लागलेल्या असतात, मध्येच दोन-तीन मोटारी अडकलेल्या असतात, आणि पहिली-दुसरीतली मुलं हातात बाटली घेऊन आपापली आई शोधत त्यातून वाट काढतात. मागच्या पावसाळ्यात माझ्यादेखत एका स्कूटरचं चाक एका चिमुरडीच्या बुटावरून गेलं. बोटं वाचली. स्कूटर चालवणारी बाई कुणी परकी नव्हती. ती दुसऱ्या एका मुलाची आई होती आणि नंतर कितीतरी वेळ तिचे हात थरथरत होते.

‘रस्ते सुरक्षित नाहीत म्हणून गाडीनं सोडतो’ हे वाक्य तेव्हापासून माझ्या घशाखाली उतरत नाही. भीती खरी आहे. पण शाळेच्या दारातला धोका बऱ्याच अंशी आपल्याच गाड्यांनी तयार होतो. सोडायला येणारी गाडी कमी झाली, की उरलेल्या प्रत्येक मुलासाठी ती गल्ली थोडी मोकळी होते.

दुसरं वाक्य, ‘शाळा लांब आहे.’ शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून चालत एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं धरलेलं आहे. आपण आवडीनं लांबची शाळा निवडली असेल, तर गोष्ट वेगळी. पण आधी एकदा मोजून पाहावं. आमची शाळा दोन किलोमीटरवर आहे असं मी वर्षभर सांगत होते. फोनवर मोजलं तर अकराशे मीटर. लेकीच्या पावलानं सतरा मिनिटं लागतात. स्कूटर पार्किंगमधून काढून, चौकातला सिग्नल ओलांडून, फाटकाशी जागा शोधेपर्यंत बारा लागायची. पाच मिनिटं वाचवण्यासाठी मी रोज तो सगळा आटापिटा करत होते!

‘चालून मूल दमतं, मग वर्गात लक्ष लागत नाही’ हाही समजच. डेन्मार्कमध्ये 2012 साली सुमारे वीस हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. चालत किंवा सायकलनं आलेल्या मुलांची एकाग्रता गाडीनं आलेल्यांपेक्षा चांगली आढळली. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा आणि क्लासच्या धबडग्यात तो तास येणार कुठून? जाऊन-येऊन अर्धा तास तर इथेच मिळतो. दमवतं ते दप्तर. ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये असं सरकारी धोरण आहे, आणि त्यासाठी शाळेशी भांडायलाच हवं.

मोठ्या मुलांच्या बाबतीतला गैरसमज मात्र फार महागात पडू शकतो. ‘सोळा पूर्ण झाली, आता स्कूटर नेऊ दे.’ सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. आपल्या दाराशी उभ्या असलेल्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात, त्यांना अठरा पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. त्या वयाला शोभणारं आणि कायद्यात बसणारं वाहन सायकलच आहे.

सायकल म्हणजे गरिबी, असं अजून मनात असेल तर बिहारकडे पाहा. 2006 पासून तिथे नववीतल्या मुलींना सायकलींसाठी पैसे मिळू लागले आणि अभ्यासकांना त्यांची माध्यमिक शाळेतली पटनोंदणी 32 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या गरजू मुलींना सायकली मिळतात. ‘ते नेदरलँड्समध्ये जमतं, आपल्याकडे नाही’ म्हणणाऱ्यांना सांगते: 1971 साली त्या छोट्याशा देशात चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मेली. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे तिथले रस्ते बदलू लागले. आणि पुणं? आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत ते सायकलींचंच शहर आहे.

महामार्ग ओलांडावा लागत असेल, तर मुलाला एकटं मुळीच सोडू नये. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा नीट अंदाज येत नाही, त्यांच्याबरोबर मोठं माणूस हवंच. पण ते दर वेळी त्याच मुलाचे आई-बाबा असायला नकोत. आमच्या सोसायटीतली पाच मुलं आता एकत्र निघतात. सोमवार माझा, मंगळवार तळमजल्यावरच्या आजोबांचा, असे वार वाटले आहेत. मोठ्या रस्त्याऐवजी आतल्या गल्लीनं जातो. तिथे धूर कमी आणि शेवटच्या बंगल्यात एक मांजर असते.

चौकात थांबून, उजवीकडे-डावीकडे बघून ‘चला’ म्हणायचं काम मुलांनी पाळीपाळीनं घेतलंय. मोठं माणूस शेजारी उभं असतं, त्यानं मान हलवल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. गुरुवारी माझ्या लेकीची पाळी. त्या दिवशी ती पाच मिनिटं आधीच बूट घालून दाराशी बसलेली असते.